झाइमे लर्नर आणि कुरितिबा: महापौराची कारकीर्द, शहराची नवी बांधणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुरितिबा ही ब्राझीलमधल्या पाराना राज्याची राजधानी. आपल्याकडे बीआरटी (फक्त बससाठी राखीव मार्गिकांची व्यवस्था), पादचारी रस्ते, नदीकाठची उद्याने किंवा कचरा वर्गीकरण यांची चर्चा निघाली की हे नाव हमखास येते. बरोबर लर्नर यांचेही नाव येते, पण माहिती बहुतेकदा अर्धीच असते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण खरी मेख तपशिलातच आहे.

झाइमे लर्नर कोण होते?

वास्तुविशारद, नगररचनाकार, तीन वेळा कुरितिबाचे महापौर आणि दोन वेळा पाराना राज्याचे गव्हर्नर. जन्म १७ डिसेंबर १९३७ चा, कुरितिबातलाच. कुटुंब पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचे. आईवडिलांचे दुकान रेल्वे स्टेशनजवळच्या बाराओ दो रिओ ब्रांको रस्त्यावर होते, आणि रस्त्यावर चालणारे शहर त्यांनी लहानपणी तिथेच पाहिले. पाराना फेडरल विद्यापीठातून १९६४ मध्ये ते वास्तुविशारद झाले. २७ मे २०२१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, कुरितिबातच त्यांचे निधन झाले.

ते महापौर कधी कधी होते?

१९७१ ते १९७५, १९७९ ते १९८३ आणि १९८९ ते १९९२. पुढे १९९५ ते २००२ अशी सलग आठ वर्षे ते गव्हर्नर होते. त्यानंतर २००२ ते २००५ या काळात वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले.

पहिल्यांदा त्यांना निवडून कोणी दिले?

लोकांनी नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. १९६४ पासून ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. राज्यांच्या राजधान्यांचे महापौर गव्हर्नर नेमत असे, आणि गव्हर्नरची निवड राजवटीच्या मर्जीने होई. १९७१ मध्ये गव्हर्नर आरोल्दो लेओन पेरेस यांनी ३३ वर्षांच्या लर्नर यांना महापौर नेमले. १९७९ मध्ये दुसऱ्यांदा नेमणूक केली ती गव्हर्नर नेय ब्रागा यांनी. दोन्ही वेळा लर्नर राजवटीच्या ‘अरेना’ पक्षात होते.

कुरितिबाचे गोडवे गाणारे पुष्कळ जण ही बाब सोडून देतात. पादचारी रस्ता, बसचे अक्ष (शहराच्या मध्यातून बाहेर जाणारे मुख्य मार्ग), पहिली उद्याने ही सगळी पायाभरणी मतदारांना उत्तर द्यावे लागत नव्हते अशा काळातली आहे. विरोध मोडून काढणे त्या वेळी सोपे होते, आणि ज्यांची घरे-दुकाने आड येत होती त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. लर्नर यांच्या कामाचे मोल यामुळे शून्य ठरत नाही. पण “एक खमक्या महापौर मिळाला की झाले” असा धडा यातून काढणारे या नेमणुकीकडे काणाडोळा करत असतात.

मग ते निवडणूक कधी जिंकले?

आधी हरले. राजधान्यांच्या महापौरांची थेट निवडणूक परत सुरू झाल्यावर नोव्हेंबर १९८५ मध्ये ते पीडीटी पक्षातर्फे उभे राहिले आणि रोबेर्तो रेकियाओ यांच्याकडून थोडक्यात पराभूत झाले. १९८८ मध्ये मतदान १५ नोव्हेंबरला होते आणि लर्नर रिंगणात उतरले ते अवघे बारा दिवस उरले असताना. आधीचे काही उमेदवार त्यांच्यासाठी बाजूला झाले आणि ते जिंकले. ब्राझीलच्या राजकारणात ही मोहीम आजही ‘बारा दिवसांचा प्रचार’ म्हणून ओळखली जाते.

नळीसारखे बसथांबे, दोन सांध्यांची बस, कचऱ्याच्या योजना, वनस्पती उद्यान ही त्यांची सर्वांत गाजलेली कामे या तिसऱ्या, लोकांनी निवडून दिलेल्या कारकिर्दीतली आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

शहराचा आराखडा लर्नर यांनी एकट्याने केला का?

नाही. १९४३ मध्ये फ्रेंच नगररचनाकार आल्फ्रेद आगाश यांनी एक आराखडा दिला होता. केंद्राभोवती वर्तुळाकार रस्ते आणि रुंद मार्ग अशी त्याची कल्पना होती. शहर भराभर वाढू लागल्यावर तो अपुरा पडला. १९६० मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९७० मध्ये सहा लाखांवर आणि १९८० मध्ये दहा लाखांवर गेली. १९६५ मध्ये महापौर इवो आर्झुआ यांच्या काळात साओ पावलोचे वास्तुविशारद जॉर्ज विल्हाइम यांच्या चमूकडून प्राथमिक आराखडा करून घेतला गेला, आणि १९६६ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले.

त्याच सुमारास, १९६५ मध्ये, ‘इप्पुक’ ही नगर संशोधन आणि नियोजन संस्था उभी राहिली. लर्नर तिच्या स्थापनेत होते आणि १९६८-६९ मध्ये तिचे अध्यक्षही होते. आराखडा कपाटात पडू नये, रोज त्याच्यावर काम व्हावे, प्रत्येक रस्त्याचे रेखाटन तयार असावे, हे या संस्थेचे काम. म्हणजे १९७१ मध्ये लर्नर खुर्चीत बसले तेव्हा मंजूर आराखडा हातात होता आणि तो तोंडपाठ असलेली माणसे शेजारच्या टेबलावर होती. आपल्याकडे नव्या पदाधिकाऱ्याची पहिली दोन वर्षे सल्लागार नेमण्यात आणि अहवाल मागवण्यात जातात. तिथे ती वाचली.

रस्ता ७२ तासांत पादचाऱ्यांचा केला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. मे १९७२ मधली. शहराचा मुख्य बाजाररस्ता म्हणजे ‘१५ नोव्हेंबर’ मार्ग. तो मोटारींसाठी बंद करायचे ठरल्यावर व्यापारी खवळले, कारण गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही असा त्यांचा हिशेब. कोर्टाचा मनाई हुकूम येण्याची भीती होती. बांधकाम विभागाने सुरुवातीला काही महिन्यांची मुदत मागितली. लर्नर घासाघीस करत ती खाली आणत गेले.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झाले. कोर्ट बंद, दुकानेही बंद होण्याच्या बेतात. फरसबंदीचे दगड, दिव्यांचे खांब, बाकडी, फुलझाडांच्या कुंड्या हे सगळे आधीच जमवून ठेवले होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत पहिला टप्पा तयार झाला. लर्नर पुढे सांगत की विरोधाच्या अर्जावर सही करणाऱ्या एका दुकानदाराने काही दिवसांतच उरलेला रस्ताही असाच करा म्हणून गळ घातली.

पुढच्या शनिवारी मोटार क्लबचे सदस्य गाड्या घालून रस्ता परत घेणार, अशी खबर आली. पोलीस उभे करण्याऐवजी पालिकेने रस्त्यावर कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या पसरल्या आणि शेकडो मुलांना रंग-कुंचले देऊन चित्रे काढायला बसवले. मुलांच्या अंगावर गाडी कोण घालणार? गाड्या परत गेल्या. शनिवारची चित्रे पुढे या रस्त्याचा रिवाजच झाली. लोक आज या रस्त्याला ‘फुलांचा रस्ता’ म्हणतात.

असे काम आपल्या शहरात करायचे तर घाईच कामाला येते का?

वेग कामाला येतो, घाई नाही. ७२ तास हे फक्त शेवटचे, दिसणारे काम होते. त्याआधी वाहतूक कुठून वळवायची, माल उतरवणाऱ्या गाड्या कुठल्या बोळातून आणि कुठल्या वेळेत येणार, अग्निशमन बंबाला किती रुंदी मोकळी ठेवायची, पावसाचे पाणी कुठे उतरणार, जमिनीखालच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी कुठे आहेत, हे सगळे कागदावर पक्के असावे लागते.

आपल्याकडे बिघडते ते नेमके इथे. फरशी बसते आणि महिन्याभरात केबलसाठी तीच उखडते. कधी रस्ता बंद होतो, पण माल चढवण्या-उतरवण्याची वेळ ठरलेली नसते. मग दुपारी टेम्पो आत शिरतो, त्याच्या मागे दुचाकी शिरतात आणि आठवड्यात सगळे पहिल्यासारखे होते. पुण्यात लक्ष्मी रस्ता वर्षातून एक दिवस चालणाऱ्यांना मोकळा करून दिला जातो. तो दिवस लोकांना आवडतो. दुसऱ्या दिवशी काय करायचे याचा कागद तयार नसतो, आणि अडते तिथेच.

कुरितिबाची बस व्यवस्था नेमकी कशी आहे?

बसच्या आधी जमीन समजून घ्यायला हवी. शहराच्या मध्यापासून पाच अक्ष बाहेर जातात: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि बोकेराओ या वस्तीकडचा. प्रत्येक अक्ष तीन समांतर रस्त्यांचा आहे. मधल्या रस्त्याच्या मध्यभागी फक्त बससाठी दोन मार्गिका आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हळू चालणारी स्थानिक वाहतूक. एक गल्ली सोडून डावीकडे आणि उजवीकडे एकेक एकेरी रस्ता, एक शहराकडे जाणारा आणि एक बाहेर पडणारा. लांब जाणाऱ्या मोटारी त्यावरून जातात. म्हणजे मोटारवाल्याची जागा हिसकावलेली नाही, त्याची वाट वेगळी काढून दिली आहे.

आता मुख्य भाग. याच अक्षांलगत उंच इमारतींना परवानगी आहे. २००० च्या झोनिंग (जमीन-वापराच्या) कायद्यात या पट्ट्यात चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, ४ पर्यंत होता आणि अक्षापासून दूर जावे तसा तो झपाट्याने उतरत असे. त्यामुळे विमानातून पाहिले तर उंच इमारतींच्या रांगा बसच्या रेषेवरच उभ्या दिसतात. बसला प्रवासी शोधत फिरावे लागत नाही, प्रवासी बसच्या दाराशीच राहतात.

पहिली एक्स्प्रेस बस १९७४ मध्ये उत्तर-दक्षिण अक्षावर धावली, बोकेराओ १९७७ मध्ये जोडला गेला आणि पूर्व-पश्चिम १९८० मध्ये. रंगांवरून बस ओळखता येते: लाल म्हणजे एक्स्प्रेस, नारिंगी म्हणजे वस्तीतून टर्मिनलपर्यंत आणणारी फीडर, हिरवी म्हणजे मध्यवर्ती भागात न शिरता उपनगरे जोडणारी, चंदेरी म्हणजे कमी थांब्यांची जलद बस. टर्मिनल बंदिस्त असते. एकदा आत आल्यावर पुन्हा तिकीट न काढता बस बदलता येते. १९८० पासून एकच भाडे लागू झाले. लांबून येणाऱ्या गरीब प्रवाशाचा बोजा जवळ जाणारे प्रवासी उचलतात, असा त्याचा अर्थ.

नळीसारख्या थांब्याचे एवढे कौतुक का?

कारण बसचा बराच वेळ थांब्यावर उभे राहण्यात जातो. उदाहरण म्हणून हिशेब करा. एका थांब्यावर २० माणसे एका दाराने चढणार, पायऱ्या चढून, सुटे पैसे देऊन, प्रत्येकी ३ सेकंद. एक मिनिट गेले. असे ३० थांबे असतील तर अर्धा तास नुसता उभे राहण्यात गेला. तिकीट आधीच काढलेले असेल, पायऱ्या नसतील आणि पाच दारे एकदम उघडत असतील, तर तेच काम १५ सेकंदांत होते आणि ३० थांब्यांना साडेसात मिनिटे पुरतात. तीच बस, तोच रस्ता, पण एका फेरीत साडेबावीस मिनिटे वाचली. तेवढ्याच बसमध्ये जास्त फेऱ्या होतात.

१९९१ मध्ये आलेला नळी थांबा हा हिशेब प्रत्यक्षात उतरवतो. वास्तुविशारद अब्राओं आसाद यांची ती रचना. पोलादी कड्या आणि पारदर्शक आवरण असलेली आडवी नळी, फलाट बसच्या फरशीएवढा उंच. एका टोकाला वाहक आणि फिरते दार, व्हीलचेअरसाठी लिफ्ट. बस नळीला चिकटून उभी राहते, बसच्या दारांतून रुंद पट्ट्या खाली येऊन फलाटावर टेकतात, मधली फट बुजते आणि माणसे सपाट जमिनीवर चालावे तशी आत-बाहेर होतात. म्हातारे माणूस असो की बाबागाडी ढकलणारी आई, कोणाला हात द्यावा लागत नाही.

१९९२ मध्ये दोन सांध्यांची, म्हणजे तीन भाग जोडलेली बस आली. शहरातच कारखाना असलेल्या व्होल्वोबरोबर ती तयार झाली. लांबी सुमारे २५ मीटर, क्षमता २७० प्रवाशांची. दर दीड मिनिटाला एक बस सोडली तर तासाला ४० बस, म्हणजे एका दिशेने १०,८०० जण.

मेट्रो का नाही केली?

पैसे नव्हते आणि थांबायची तयारी नव्हती. भुयारी मेट्रोच्या खर्चाचा छोटा अंश खर्चून आणि थोड्या वर्षांत बसचे जाळे उभे राहते, हे लर्नर यांचे म्हणणे आयुष्यभर कायम राहिले. पुढे कुरितिबात मेट्रोचे प्रस्ताव अनेकदा आले, पण मेट्रो झाली नाही.

बस कोण चालवते, पैसे कोण घेते?

बस खासगी कंपन्यांच्या. मार्ग, वेळापत्रक आणि देखरेख ‘उर्ब्स’ या पालिकेच्या कंपनीकडे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भाड्याचा पैसा एका सामाईक निधीत जमा होऊ लागला आणि कंपनीला प्रवाशांच्या डोक्यांवर नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरवर मोबदला मिळू लागला. त्यामुळे दोन चालक एकाच थांब्यावर प्रवाशांसाठी शर्यत लावत नाहीत आणि कमी गर्दीच्या मार्गावरही बस जाते. तोटाही आहे: प्रवासी घटले तरी किलोमीटर तेवढेच राहतात, निधी आटतो आणि भाडे वाढते. भाडे वाढले की आणखी प्रवासी गळतात. या चक्रात कुरितिबाही सापडले.

उद्याने पुरासाठी केली म्हणजे काय?

बारिगी आणि बेलेंसारख्या नद्यांना पूर येत असे. काठ काँक्रीटने बांधून पाणी पुढच्या वस्तीवर ढकलण्याऐवजी नदीलगतची सखल जमीन पालिकेने घेतली, तिथे तळी खोदली आणि भोवती उद्यान केले. पावसाळी पाणी तळ्यात पसरते आणि सावकाश उतरते. पाऊस नसेल तेव्हा तिथे लोक धावतात, मुले खेळतात. १९७२ चे बारिगी उद्यान सुमारे १४० हेक्टरचे आहे. साओ लोरेन्सो भागात १९७० च्या पुरात बांध फुटला होता. तिथेही उद्यान झाले आणि तिथला सरसाचा जुना कारखाना कलाकेंद्र बनला. गवत कापायला काही उद्यानांत मेंढ्या सोडल्या जात, त्यामुळे यंत्रांचा खर्च वाचे.

या उपायाची दुसरी बाजू लोक विसरतात: जागा मोकळी केल्याच्या दिवशीच तिचा वापर सुरू करावा लागतो. कुंपण घालून ‘भविष्यात उद्यान’ अशी पाटी लावली की वर्षभरात तिथे राडारोडा पडतो आणि दोन वर्षांत झोपड्या उभ्या राहतात. नदीपात्रातला राडारोडा आपल्या शहरांतल्या कोणालाही नवा नाही.

जुन्या खाणींचे काय केले?

दगड काढून झालेल्या खाणी शहरात अनेक होत्या. अशा एका खाणीत १९९२ मध्ये ‘तारेची ऑपेरा’ हे पोलादी नळ्यांचे आणि पारदर्शक छताचे नाट्यगृह ७५ दिवसांत उभे राहिले. खाणीत साचलेले पाणी तळे झाले, आणि प्रेक्षक त्यावरच्या पुलावरून आत जातात. त्याआधी १९७१ मध्ये दारूगोळ्याच्या जुन्या गोल कोठाराचे ‘पायोल’ नाट्यगृह झाले होते. जुनी वास्तू पाडण्याआधी तिला नवे काम सापडते का ते पाहायचे, ही सवय पहिल्या वर्षापासूनची.

वारसा इमारतींसाठी १९८२ पासून बांधकाम हक्काचे हस्तांतरणही सुरू झाले. जुने घर जपणाऱ्या मालकाला न वापरलेले हक्क दुसरीकडे विकता येतात. मराठी वाचकाला हे टीडीआर म्हणून ठाऊक आहे, मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतून आलेले.

कचऱ्याच्या बदल्यात भाजी, हे कसे चालते?

तीन वेगवेगळ्या योजना आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली १९८९ ची, ‘कचरा जो कचरा नाही’. घरात सुका कचरा वेगळा ठेवायचा आणि वेगळी गाडी तो नेते. शिकवण शाळेतून सुरू झाली. पानांच्या कुटुंबाची सोंगे घेतलेले कलाकार वर्गात जात आणि मुले घरी जाऊन आईवडिलांच्या मागे लागत.

दुसरी ‘कचरा खरेदी’, तीही १९८९ ची. डोंगरउतारावरच्या आणि नदीकाठच्या वस्त्यांत गाडी शिरू शकत नव्हती. कचरा तिथेच सडे, नाल्यात जाई, उंदीर होत. मग वस्तीतल्या लोकांनी पिशव्या भरून ठरलेल्या ठिकाणी आणायच्या आणि बदल्यात बसची तिकिटे किंवा अन्न घ्यायचे, असे ठरले. पालिकेला ठेकेदाराला द्यावे लागणारे पैसे वस्तीला मिळाले.

तिसरी १९९१ ची ‘हरित विनिमय’. शहराभोवतीच्या छोट्या शेतकऱ्यांकडे कोबीसारखा माल पडून होता. पालिकेने तो विकत घेतला आणि दर ४ किलो पुनर्वापरायोग्य सुक्या कचऱ्यामागे १ किलो भाजी-फळे द्यायला सुरुवात केली. वस्तीत दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वेळी ट्रक येतो: एका ट्रकपाशी काटा, दुसऱ्यात क्रेट. वजन होते, चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठी देऊन भाजी घ्यायची.

ही योजना उचलायची तर तीन ठिकाणी ठेच लागते. ट्रकची वेळ चुकली की दोन खेपांनंतर लोक येत नाहीत. भाजी शिळी निघाली की विश्वास उडतो. आणि आधीच भंगार वेचून पोट भरणाऱ्यांचा माल पालिकेनेच उचलला, तर त्यांची चूल विझते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेकडे घरोघरचे संकलन आहे. अशा ठिकाणी विनिमय योजना त्यांच्यामार्फतच चालवायला हवी.

गव्हर्नर म्हणून कारकीर्द कशी होती?

वादाची. १९९४ आणि १९९८ या दोन्ही निवडणुका त्यांनी पहिल्याच फेरीत जिंकल्या, दुसऱ्या वेळी जुने प्रतिस्पर्धी रेकियाओ यांना हरवून. मधल्या काळात पीडीटी सोडून ते उजव्या बाजूच्या पीएफएल पक्षात गेले. रेनोचा मोटार कारखाना १९९८ मध्ये कुरितिबाच्या शेजारी सुरू झाला. बस आणि पादचाऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने मोटार उद्योगाला पायघड्या घातल्या, यावर टीका झाली. राज्याच्या महामार्गांवर खासगी टोल आला. १९९८ च्या निवडणुकीआधी टोल निम्म्यावर आणला गेला आणि त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. राज्याची बँक २००० मध्ये विकली गेली. वीज कंपनी कोपेल विकण्याचा प्रयत्न २००१ मध्ये लोकांच्या विरोधामुळे फसला. शहरात जे जमले ते राज्यात जमले नाही, असे माझे मत आहे. शहरात त्यांच्यामागे इप्पुक होती, राज्यात तशी संस्था नव्हती.

कुरितिबात आज काय बिघडले आहे?

बरेच काही. मोटारींच्या मालकीत हे शहर ब्राझीलमध्ये वरच्या क्रमांकात आहे. गर्दीच्या वेळी लाल बसमध्ये उभे राहायला जागा नसते. २०२३ मध्ये भाडे ६ रेआल (ब्राझीलचे चलन) झाले. शेजारच्या गावांबरोबरचे सामाईक तिकीट १९९६ पासून चालत होते, ते २०१५ मध्ये शहर आणि राज्याच्या भांडणात विस्कटले.

त्याहून खोल प्रश्न जमिनीचा आहे. अक्षांलगतची जमीन महागली आणि तिथे राहायला आला तो मध्यमवर्ग. बसची सर्वांत जास्त गरज असलेला मजूर शहराच्या कडेला किंवा हद्दीबाहेर गेला. अक्षावर जास्त बांधकामाची सवलत देताना परवडणाऱ्या घरांचा ठोस वाटा बिल्डरकडून वेळीच घेतला नाही, त्याची किंमत तो मजूर रोज मोजतो. मेट्रो मार्गालगत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) वाढवणाऱ्या आपल्या शहरांनी नेमके हेच पाहावे.

पुण्याच्या बीआरटीला हे यश का मिळाले नाही?

कात्रज-स्वारगेट-हडपसर हा मार्ग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला, देशातला पहिला. उचलली ती मार्गिका, मागची यंत्रणा राहून गेली. सुरुवातीला थांब्यावर आधी तिकीट नव्हते आणि फलाट व बसची पातळी जुळत नव्हती. चौकात मार्गिका संपायची आणि बस पुन्हा कोंडीत अडकायची. दुचाकी आत शिरत, पादचाऱ्याला मधल्या थांब्यावर पोचण्यासाठी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पीएमटी आणि पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली तीच मुळी २००७ मध्ये, म्हणजे मार्ग आधी आणि तो चालवणारी एकसंध संस्था नंतर. पिंपरी-चिंचवडचे २०१५ चे ‘रेनबो’ मार्ग त्या मानाने बरे जमले, कारण रुंद रस्ते, उंच फलाट आणि एका सलग जाळ्याचा विचार होता.

आपला महापौर लर्नर यांच्यासारखे काम करू शकेल का?

कायद्यानेच हात बांधलेले आहेत. ब्राझीलचा महापौर शहराचा प्रत्यक्ष कारभारी: अंदाजपत्रक तो मांडतो, खातेप्रमुख तो नेमतो, चार वर्षांसाठी निवडून येतो आणि १९९७ पासून त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येते. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडला जातो. तो सभागृह चालवतो, पण कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. खर्चाच्या मंजुरीचे मोठे वजन स्थायी समितीकडे. आरक्षणाच्या सोडतीत पद फिरत राहते, त्यामुळे तीच व्यक्ती पुन्हा येण्याची शक्यता कमी.

तरी जे शक्य आहे ते असे: शहर नियोजनाची कायमस्वरूपी संस्था उभी करण्याचा ठराव, तिला स्वतःचे अंदाजपत्रक, आणि आयुक्त-महापौर बदलले तरी तिच्याकडचे नकाशे व माणसे न बदलण्याची हमी. कुरितिबात लर्नर यांच्यानंतर १९९३ मध्ये राफाएल ग्रेका आणि १९९७ मध्ये इप्पुकमध्येच घडलेले कासियो तानिगुची महापौर झाले. त्यामुळे काम पुढे चालू राहिले.

कुरितिबाला गेले तर काय पाहावे?

सकाळी साडेसातला अक्षावरच्या कुठल्याही गजबजलेल्या नळी थांब्यावर अर्धा तास उभे राहा. हातात घड्याळ ठेवा. बस थांबल्यापासून दारे मिटेपर्यंतचे सेकंद मोजा, आत किती चढले आणि किती जण दाराबाहेर राहिले तेही मोजा. मग नारिंगी फीडर बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. इमारती कुठे बुटक्या होतात, पदपथ कुठे संपतो आणि बसमध्ये शेवटपर्यंत कोण बसून राहते ते पाहा. परतताना ‘फुलांच्या रस्त्या’वर उतरा. दगडी फरसबंदी १९७२ पासून पायाखाली आहे आणि शनिवार असेल तर मुले चित्रे काढताना दिसू शकतील.